साधने उपलब्ध असूनही

मांजरसुंब्याच्या फाट्यावरून केजकडं निघालं की थोड्याच अंतरावर दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. आसपासच्या तीसेक गावांच्या सोसायट्यांचं दूध सकाळ-संध्याकाळ तिथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं पुढं जायचं. केंद्राच्या मागच्या अंगाला एक लहानशी खोली होती. तिला सगळे लॅब म्हणत. कुठल्या गावच्या दुधाला किती फॅट लागली हे त्या खोलीत ठरायचं आणि ते ठरवायचा राधाकिशन.

राधाकिशन युसूफ वडगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. अंबाजोगाईला राहून त्यानं केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केली. भावकीत एवढं शिकलेला तो पहिलाच. संघात केमिस्ट म्हणून चिकटला तेव्हा त्याचे वडील आश्रुबा पारावर बसून सांगायचे, "आमचं पोरगं दुधातलं पानी काढतंय." पोरगं पाणी काढत नव्हतं, नुसतं ओळखत होतं, पण त्या ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कुणाच्या दबावानं त्यानं कधी आकडा बदलला नाही. चेअरमनच्या स्वतःच्या गावचं दूध पातळ निघालं तरी त्यानं पातळच लिहिलं. फॅटच्या बाबतीत असा काटेकोर असलेला हा माणूस जिवाच्या बाबतीत मात्र अगदी बिनघोर होता.

ते काम तर जिवाशी खेळण्याचंच. काचेच्या नळीत आधी तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, त्यावर नळीच्या कडेकडेनं हळूच दूध सोडायचं, वरून थोडं अल्कोहोल टाकायचं, मग तोंडाला रबरी बूच घट्ट बसवून नळी फडक्यात धरून हलवायची. ॲसिड दुधातलं बाकी सगळं जाळून टाकतं, राहते ती फॅट. नळी हाताला चटके देण्याइतकी तापते. मग ती यंत्रात गरगर फिरवायची आणि मानेवरच्या रेघांवर पिवळ्या थराची उंची वाचायची. दिवसाला अशा साठ-सत्तर नळ्या व्हायच्या. राधाकिशन हे सगळं उघड्या हातांनी आणि उघड्या डोळ्यांनी करायचा. कॉलेजात असल्यापासून त्याला वाटायचं की हातमोजे, चष्मा ही घाबरटांची कामं. ज्याचा हात स्थिर आहे त्याला त्यांची काय गरज?

सामान नव्हतं असं नाही. वरून एका योजनेतून दोन ॲप्रन, रबरी हातमोज्यांचे चार जोड आणि कडेनं बंद असलेले डोळ्यांचे दोन मोठे चष्मे आले होते. त्यातला एक चष्मा जीपचा ड्रायव्हर भारत यानं मोटारसायकलवर धूळ लागते म्हणून नेला आणि त्याचा पट्टा तोडून आणला. तेव्हापासून दुसरा चष्मा राधाकिशननं लोखंडी कपाटात कुलपात ठेवला. तपासणीला कोणी साहेब आले तर दाखवायला एक तरी नवा कोरा असावा, हा हिशोब. किल्ली त्याच्या पँटच्या खिशात असायची.

छबुबाई लॅबमध्ये आली ती कॅन धुता धुता. लिंबागणेशजवळच्या एका वस्तीवरची बाई. नवरा सुग्रीव आणि ती मिळून बारा हंगाम ऊसतोडीला गेलेली. पुढं सासू अंथरुणाला खिळली, घरी कोणीतरी थांबणं भाग पडलं, तेव्हा सुग्रीव दुसरा जोडीदार घेऊन कोयत्यावर जाऊ लागला आणि छबुबाई केंद्रावर कॅन धुवायला लागली. शाळा चौथीपर्यंतच. पण राधाकिशनच्या लक्षात आलं की ही बाई कॅन धुताना खिडकीतून आकडे ऐकते आणि ते तिच्या ध्यानात राहतात. एकदा वहीत एका गावची नोंद चुकली तर तिनं बाहेरून सांगितलं, "सायेब, काल त्यांची सहा-चार होती. आज एकदम आठ कशी लागंल?" परत तपासलं तर खरंच चूक होती.

राधाकिशननं तिला आत घेतलं आणि शिकवलं. दोन वर्षांत ती त्याच्याइतकी तयार झाली. नळी डोळ्यांसमोर सरळ धरायची, एक डोळा बारीक करायची आणि आकडा सांगायची. सोसायट्यांची माणसं म्हणायची, छबुबाईनं वाचलेली फॅट म्हणजे दगडावरची रेघ. उसाच्या फडात आयुष्य गेलेल्या बाईला लोक असं बोलतात याचं तिला लई अप्रूप होतं. ती ते कोणापाशी बोलून दाखवायची नाही, पण लॅबमध्ये यायची ते धुतलेलं लुगडं नेसून.

एकदा ॲसिडचा थेंब उडून तिच्या पदराला भोक पडलं. बोटाएवढं. ती ते भोक दाखवत म्हणाली, "सायेब, कपाटातला त्यो चष्मा मला द्याल का? आज पदराला पडलं, उद्या डोळ्याला पडंल."

राधाकिशन वही लिहीत होता. मान वर न करताच म्हणाला, "काय छबुबाई, गॉगल लावून पिक्चरला जायचंय का?"

दारात भारत उभा होता, तो हसला. बाहेर कॅन उतरवणारे दोघे हसले. मग राधाकिशनही हसला. छबुबाई सगळ्यांच्या शेवटी हसली आणि पुढच्या नळीत ॲसिड घालायला लागली. ही गोष्ट तिथंच संपली असं सगळ्यांना वाटलं.

ते सत्त्याऐंशीचं साल होतं. लागोपाठच्या वर्षांनी पाऊस हुलकावण्या देऊन गेला होता. विहिरींचे तळ दिसत होते, माणसं जनावरं घेऊन चाऱ्याच्या छावणीत राहत होती. दूध निम्म्यावर आलं. केंद्राचं बोअर आटलं आणि पाण्याचा टँकर येईल तेव्हा येईल अशी गत झाली. प्लँटवरच्या यंत्रांच्या टाकीत तेवढं गंजकट पाणी फिरत असायचं, त्याला कोणी हात लावायचा नाही.

लॅबच्या कोपऱ्यात मात्र पाण्यानं भरलेलं एक लोखंडी टिपाड होतं. दोनशे लिटरचं, वर झाकण आणि झाकणावर मग. ॲसिड अंगावर उडालं तर पहिल्या क्षणापासून भरपूर पाणी ओतत राहायचं, बाकी कशाची वाट बघायची नाही, हे राधाकिशन पुस्तकातून शिकला होता. म्हणून टिपाडावर त्यानंच लाल रंगानं लिहिलं होतं: 'फक्त अपघातासाठी'. वापरायचं पाणी संपलं की तो लोकांना नळ्या ओल्या फडक्यानं पुसायला लावायचा, पण त्या टिपाडाला हात लावू द्यायचा नाही.

मे महिन्यात त्याची बायको रुक्मिणी बाळंत झाली. मुलगी झाली. भाड्याच्या दोन खोल्यांत बाळंतीण, नऊ दिवसांचं लेकरू आणि रिकामे हंडे. गावात टँकर चार दिवस फिरकला नव्हता. बाळाला अंघोळ नाही, फडकी धुवायला पाणी नाही. रुक्मिणी तक्रार करायची नाही. नुसती रिकाम्या घागरीकडं बघायची आणि ते त्याला तक्रारीपेक्षा जास्त लागायचं.

पहिल्या दिवशी सकाळी त्यानं दुधाचा एक कॅन टिपाडातून भरला, सायकलच्या कॅरियरला बांधला आणि घरी नेला. रुक्मिणीला सांगितलं की संघाचा टँकर आलता. दुसऱ्या दिवशी दोनदा नेला. एक बाळासाठी, दुसरा घरमालकीण म्हातारी मागत होती म्हणून. तिसऱ्या दिवशी आणखी दोन कॅन भरताना मगानं तळ खरवडला. केंद्राचा टँकर आज येणार असा निरोप होता. आला की पहिल्यांदा टिपाडच भरू, असं मनाशी म्हणत त्यानं झाकण लावलं. झाकण लावल्यावर टिपाड भरलेलं आहे की रिकामं ते कोणाला कळत नव्हतं.

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला छबुबाई नळ्या हलवत होती. बुचं जुनी झाली होती, त्यांना भेगा पडल्या होत्या. नव्या बुचांची मागणी गेली होती, तोवर ही चालवा असं राधाकिशननंच सांगितलेलं. एका नळीचं बूच सुटलं. आवाज काही मोठा झाला नाही. तापलेलं ॲसिड आणि दूध उलट उडालं ते तिच्या उजव्या डोळ्यावर आणि गालावर.

छबुबाई खाली बसली. तोंडावर हात धरून ती एकच शब्द म्हणत होती, "पानी, पानी."

दोन ढांगांत भारत टिपाडापाशी गेला, झाकण काढलं आणि वरचा मग आत घातला. मगाचा काठ लोखंडाच्या तळाला घासला. तो घासल्याचा आवाज राधाकिशनला ऐकू गेला. आत काय आहे हे त्याला एकट्याला माहीत होतं, तरी भारत झाकण काढेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"सायेब, ह्यात तर कायच न्हाई," भारत म्हणाला.

"प्लँटच्या टाकीतलं आण. पळ." एवढंच राधाकिशनला बोलता आलं.

टाकी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला होती. भारत जाऊन येईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील. तोवर राधाकिशननं दाराशी ठेवलेला दुधाचा कॅन ओढला. छबुबाईचं डोकं मांडीवर घेऊन, बोटांनी पापण्या उघड्या धरून तो डोळ्यावर मगानं दूध ओतत राहिला. दूध पांढरं पडत होतं आणि तपकिरी होऊन खाली येत होतं. मग गार, गंजकट पाण्याच्या बादल्या आल्या. त्या ओतल्या, आणि जीप बीडकडं निघाली.

गाल बरा झाला, डाग राहिला. डोळा गेला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी राधाकिशनला बाजूला घेऊन विचारलं, "धुवायला उशीर झाला का?" तो म्हणाला, दुष्काळ आहे साहेब. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दोन-चार मिनिटांचाच खेळ असतो. भरपूर पाणी मिळालं असतं तर कदाचित थोडं दिसलं असतं. खात्री कोणीच देणार नाही, पण कदाचित." तो 'कदाचित' घेऊन राधाकिशन परत आला. डॉक्टर नक्की म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते, तर त्याला सोपं गेलं असतं.

आठ दिवसांनी संघाचे चेअरमन अर्जुनराव केंद्रावर आले. मोठे बागायतदार, तालुक्यात वजन असलेला माणूस. सगळे त्यांना अण्णा म्हणत. छबुबाईला औरंगाबादला न्यायला त्यांनीच स्वतःची गाडी दिली होती. ते राधाकिशनसमोर बसले आणि म्हणाले, "वरून विचारणा आलीय. अपघात कसा झाला ते तुला लेखी द्यावं लागंल."

"काय लिहू, अण्णा?"

"खोटं लिही म्हणत न्हाई मी. चष्मे, हातमोजे होते का न्हवते?"

"होते."

"तिनं घातले होते का?"

"न्हाई."

"मग तेवढंच लिही."

राधाकिशननं लिहिलं: 'सुरक्षेची साधने उपलब्ध असूनही सदर महिला कर्मचाऱ्याने ती वापरली नाहीत, त्यामुळे डोळ्यास इजा झाली.' वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. साधने उपलब्ध होती, कपाटात. किल्ली लिहिणाऱ्याच्या खिशात होती, आणि त्या वाक्यावर सही करायला खाली वाकताना ती त्याच्या मांडीला टोचली. टिपाडाचा विषय निघालाच नाही. भारत एकदा म्हणाला, "असल्या दुष्काळात कुठलं टिपाड भरलेलं ऱ्हातंय," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

दोन महिन्यांनी छबुबाई कामावर आली. हयगय केलेल्या बाईला परत लॅबमध्ये कसं घ्यायचं, असं संचालक म्हणाले. पण नोकरीवर ठेवलं आणि तो उपकार म्हणून सांगितला. ती पुन्हा कॅन धुवायला लागली. राधाकिशनला बघितलं की ती पदर उजव्या बाजूनं पुढं ओढून घ्यायची. तिनं कधी काही विचारलं नाही. त्यानं कधी काही सांगितलं नाही.

त्यानंतर राधाकिशन बदलला. चष्म्याशिवाय लॅबमध्ये पाय टाकू देईना. संचालक आला तरी दारात थांबवून म्हणायचा, आधी चष्मा. रोज सकाळी हातमोज्यांत हवा भरून, मूठ आवळून ते कुठं फुसफुसतात का बघायचा. भोक पडलेला मोजा नसलेल्या मोज्यापेक्षा वाईट, आत गेलेलं ॲसिड कातडीला चिकटून बसतं, असं सांगायचा. बायकांना मोज्यांआधी काचेच्या बांगड्या काढून ठेवायला लावायचा. पदर खोचून वर ॲप्रन, पायांत बंद बूट. मोजे काढताना उलटे करत काढायचे, त्याच हातांनी कडीला, वहीला, तोंडाला हात लावायचा नाही. नजरेचा साधा चष्मा म्हणजे बचाव नव्हे, बाजूनं उडालेलं आत येतं. बुचं दर महिन्याला नवी. आणि टिपाड रोज काठोकाठ आहे का, हे तो झाकण काढून, हात बुडवून बघायचा.

लोक त्याला चष्मेवाले साहेब म्हणायला लागले. संघ त्याला दुसऱ्या केंद्रांवर शिकवायला पाठवू लागला. केज, पाटोदा, गेवराई, जिथं जाईल तिथं तो पोरापोरींना समोर बसवून जीव तोडून शिकवायचा. शिकवताना उदाहरण द्यावं लागतं. पहिल्यांदा ते त्याच्या तोंडून कसं गेलं ते त्यालाही कळलं नाही: "आमच्याकडं एक बाई होती. हुशार होती. पण चष्मा घातला नाही. डोळा गमावून बसली." सगळ्यांनी मुकाट्यानं चष्मे चढवले. उदाहरण लागू पडतं म्हटल्यावर तो ते पुन्हा द्यायला लागला. दर वेळी घरी आल्यावर त्याला जेवण जायचं नाही. रुक्मिणी विचारायची तर तो ॲसिडच्या वासावर ढकलायचा.

अशी पाच वर्षं गेली. ब्याण्णव साली त्या भागातल्या सोसायट्यांच्या तपासनीसांचं शिबिर त्याच्याच केंद्रावर झालं. लॅबसमोरच्या पडवीत पंधरा-सोळा जण बसले होते. राधाकिशन नेहमीसारखा बोलत गेला आणि बोलता बोलता त्या वाक्यापाशी आला. "आमच्याकडं एक बाई होती," तो म्हणाला, "तिनं चष्मा घातला नाही." तेवढ्यात त्याला दिसलं की पडवीच्या पलीकडं, हौदापाशी, कॅन धुण्याचा आवाज थांबला आहे. छबुबाई ब्रश हातात धरून उभी होती. त्यानं पुढचं कसंबसं उरकलं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ती लॅबच्या दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"सायेब, ती बाई म्हंजी मीच ना?"

राधाकिशन खुर्चीतून उठला.

"मी चष्मा मागितला व्हता," ती म्हणाली. "तुमी पिक्चरचं बोलला. ते बी सांगत जा की त्यांला."

तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर राधाकिशन कदाचित गप्प बसून निभावून गेला असता. तो म्हणाला, "छबुबाई, अजून एक हाय. ते तुमाला माहीत न्हाई." आणि त्यानं टिपाडाचं सांगितलं. बाळंतपण, सायकल, कॅन, तीन दिवस. सगळं सांगितलं. डॉक्टरांचा 'कदाचित'ही सांगितला.

छबुबाई दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसली.

"म्हंजी पानी व्हतं," ती म्हणाली.

"व्हतं. मी नेलं."

"मी पाच वर्सं दुष्काळाला शिव्या दिल्या." ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग वर बघितलं. "मला कावून सांगताय आता? मी काय करू ह्याचं? घरात मीच गुन्हेगार हाय. सासू मरंपर्यंत म्हनत व्हती, हिनं आपल्या हातानं डोळा घालवला. मालक म्हनतो, चष्मा दिला व्हता तर कावून घातला न्हाईस. मागितला व्हता म्हनलं तर म्हनतो, कागदावर तसं न्हाई. तुमच्या कागदाम्होरं माझं तोंड कोन ऐकतंय?"

"मी चुकलो, छबुबाई. तुमी म्हणाल ते..."

"माझ्यापाशी चुकलो म्हनू नका. जितं लिवलं तितं म्हना."

एवढं बोलून ती उठली. त्या दिवशीचे राहिलेले कॅन तिनं पुरे धुतले आणि मगच घरी गेली.

राधाकिशननं रुक्मिणीला सांगितलं ते त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "ते पानी टँकरचं म्हनला व्हता तुमी."

"खोटं बोललो."

"मला इचारायचं तरी. मी पोरीला चार दिस नुसतं पुसून काढलं असतं." तांदूळ बाजूला सारून ती म्हणाली, "आता ते माझ्या बी डोक्यावर आलं."

महिन्याभरानं केंद्राच्याच आवारात संघाची वार्षिक सभा झाली. मंडपात तीस गावांचे सभासद होते. घरी एक म्हैस असल्यानं सुग्रीवही सभासद होता. तो मागच्या ओळीत बसला होता. अहवाल वाचून झाला, नफा-तोट्याचं झालं. 'आयत्या वेळचे विषय' आले तेव्हा राधाकिशन उभा राहिला. अर्जुनरावांनी हातानं खूण केली की नंतर बोलू. तो बसला नाही.

"अण्णा, मला माझा एक कागद मागं घ्यायचाय," तो म्हणाला. "सत्त्याऐंशीला मी लिहून दिलं की छबुबाईंनी चष्मा वापरला न्हाई. त्यांनी चष्मा मागितला होता. तो मी कुलपात ठेवला होता. त्यांना मी हसलो. बुचं खराब होती, ती मी बदलली न्हाईत. आणि अपघाताचं पाणी मी माझ्या घरी नेलं होतं."

मंडपात कुजबुज झाली. अर्जुनराव खाली बघत म्हणाले, "झालं ते झालं. आता कावून उकरायचं?" राधाकिशन म्हणाला, "उकरायचं न्हाई, अण्णा. इतिवृत्तात लिहायचं. ज्या संघाच्या दप्तरात ते हाय, त्याच दप्तरात हे पाहिजे." लिंबागणेशकडचा एक म्हातारा सभासद उठून म्हणाला, "लिवा. बाईवर आळ हाय त्यो." मग आणखी चार-सहा जण उठले आणि अर्जुनरावांना सेक्रेटरीला लिहायला सांगावं लागलं.

सुग्रीव मागच्या ओळीतून उठला, मंडपाच्या कडेनं निघाला आणि हौदापाशी गेला. सभेला आलेल्या बायकांबरोबर छबुबाई तिथं बसली होती. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. दोघं बोलत असल्याचं कोणाला दिसलं नाही. छबुबाईनं मात्र पदर पुढं ओढला नव्हता.

राधाकिशनला तीन महिने कामावरून दूर ठेवलं आणि मग युसूफ वडगावच्या बाजूच्या एका लहान संकलन केंद्रावर धाडलं. तिथं लॅब नव्हती, नुसतं दूध मोजून घ्यायचं काम. त्यानं अर्ज-विनंती केली नाही. छबुबाईला परत तपासणीच्या टेबलावर घ्यावं असा ठराव झाला. एका डोळ्यानं अंदाज चुकतो म्हणून नळ्या भरायला दुसरी बाई दिली आणि वाचायचं काम छबुबाईकडं आलं.

चार्ज द्यायला राधाकिशन शेवटचा आला तेव्हा ती टेबलाशी बसलेली होती. त्यानं कपाटाची किल्ली तिच्यासमोर ठेवली. तिनं ती उचलून कमरेच्या पिशवीत टाकली. त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, "नव्या ॲसिडाच्या बाटल्या कवा येनार?"

"सोमवारी."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची नळी उजेडाकडं धरली.

पुढं राधाकिशन पंधरा-सोळा वर्षं नोकरीत होता. छबुबाई त्याला दोनदा दिसली. एकदा मांजरसुंब्याच्या स्टँडवर, एकदा कोणाच्या तरी लग्नात. दोन्ही वेळा तिनं "बरं हाय का, सायेब?" असं विचारलं, आणि त्यानंही तिच्या घरचं विचारलं. माफी त्यानं पुन्हा मागितली नाही आणि तिनंही आपण होऊन दिली नाही. रुक्मिणी एकदा म्हणाली, "तुमी सगळ्यांम्होरं सांगितलं, आता तरी मनातून काढा." तो म्हणाला, "सांगितलं म्हणून तिला दिसाया लागलं न्हाई." मग त्यानं चप्पल घातली आणि दूध मोजायची वेळ झाली म्हणून तो केंद्राकडं निघाला.